होळीचा सण ते खलिफा सिटी : आपल्या हसण्याचा थोडा इतिहास

आपल्या आजी-पणजीच्या तोंडी असलेली सणांची नावे आठवून पाहा. रोश हशाना म्हणजे नव्याचा सण. योम किप्पूर म्हणजे दारफाळणीचा सण. पेसाह म्हणजे अनाशी ढाकाचा सण. तिशा बेआवचा उपवास म्हणजे बिरड्याचा सण. आणि पुरीम? पुरीम म्हणजे होळीचा सण. हाइम शमुएल केहिमकर यांनी 1897 च्या सुमारास लिहून ठेवलेल्या आणि 1937 मध्ये तेल अवीव येथे छापल्या गेलेल्या आपल्या समाजाच्या इतिहासात ही नावे नोंदलेली आहेत. कोकणातल्या घाण्यावर तेल गाळणाऱ्या आणि शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या आपल्या पूर्वजांनी, म्हणजे शनवार तेल्यांनी, सणांना आपल्या अंगणातली नावे दिली. त्यांतले होळीचा सण हे नाव मला सर्वांत बोलके वाटते.

हे नाव पडण्याचे कारण साधे आहे. फाल्गुन पौर्णिमेला होळी आणि अदार महिन्याच्या चौदा तारखेला पुरीम. दोन्ही पंचांगे चंद्राच्या तिथीवर चालतात आणि दोन्हींत अधिक महिना घालून ऋतूशी मेळ राखला जातो. म्हणून हे दोन सण बहुतेक वर्षी एकमेकांच्या हाताला हात लावून येतात. 2025 मध्ये तर पुरीम आणि धुळवड एकाच दिवशी, 14 मार्चला आली. पण तारखेपेक्षाही जवळचे नाते दोन्ही सणांच्या स्वभावात आहे. शिमग्याला कोकणात सोंगे निघतात, पुरुष बाईचे लुगडे नेसतो, एरवी तोंडातून न काढायचे शब्द त्या दिवशी चालतात आणि बोंब मारायला परवानगी असते. पुरीमला आपण मगिला ऐकताना हामानाचे नाव आले की पाय आपटतो आणि गोंगाट करतो. मुले वेष बदलतात. तल्मूदात तर असे सांगितले आहे की पुरीमला माणसाने इतके प्यावे की शापित हामान आणि धन्य मर्दखय यांतला फरक कळू नये. हिब्रूत त्याला ‘अद लो यादा’ म्हणतात, म्हणजे ‘कळेनासे होईपर्यंत’. तेल अवीवच्या पुरीम मिरवणुकीचे नाव यावरूनच पडले. वर्षातून एक दिवस घोटाळा हाच धर्म, असे सांगणारा दुसरा सण शोधून सापडणार नाही.

घोटाळा हा विनोदी नाटकाचाही प्राण आहे. एकाला दुसरा समजणे, शब्दाचा उलटा अर्थ घेणे, पत्र चुकीच्या हाती पडणे, यांवर जगभरची प्रहसने उभी आहेत. त्यामुळे यहूदी समाजात नाटक शिरले ते बहुतांशी पुरीमच्या दारातून, यात आश्चर्य नाही. युरोपातल्या यिद्दिश बोलणाऱ्या यहूद्यांत सोळाव्या शतकापासून पुरीमला घराघरांत छोटी नाटुकली होत. त्यांना पुरीम-श्पील म्हणत. तरुण पोरांचा गट घरोघरी फिरे, एस्तेर राणीची गोष्ट विनोदी करून सांगे आणि खाऊ व पैसे घेऊन पुढच्या घरी जाई. असे एक अहश्वेरोश राजाचे नाटक 1708 मध्ये फ्रँकफुर्ट येथे छापले गेले. आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने हिब्रू नाटकसुद्धा विनोदीच आहे. इटलीतल्या मांतुआ शहरात यहूदा सोम्मो यांनी ते 1550 च्या सुमारास लिहिले. त्याचा विषय लग्नाचा करार आणि त्यातून होणारा गोंधळ हा आहे. हिब्रू ही त्या काळी प्रार्थनेची आणि पोथीची भाषा. तिच्यातले हाती असलेले पहिले नाटक लोकांना हसवण्यासाठी लिहिले गेले, ही गोष्ट आपण लक्षात ठेवण्यासारखी आहे.

पौराणिक नाटकानंतरचा फार्स

इकडे आपल्या मराठी मुलखात काय चालले होते? 1843 मध्ये सांगलीला विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले. दहा वर्षांनी, 1853 मध्ये, त्यांची मंडळी मुंबईत आली आणि ग्रँट रोडच्या नाट्यगृहात खेळ झाले. हे नाट्यगृह ज्या भागात होते त्याला लोक पिला हाउस म्हणू लागले. ‘प्ले हाउस’चे ते मुंबईकर रूप. आपल्या समाजाची मुंबईतली पहिली प्रार्थनागृहाची इमारत, जिला आपण जुनी मशीद म्हणत आलो ती शमुएल दिवेकरांनी 1796 मध्ये बांधलेली शाआर हारहमीम, तिथून हे अंतर पायी चालण्याजोगे आहे. इस्राएल मोहल्ल्यातली माणसे आणि नवे मराठी नाटक एकाच गावठाणात वाढत होती.

त्या काळच्या पौराणिक नाटकात देव येत, राक्षस ओरडत, सूत्रधार पदे म्हणे आणि विदूषक सुरुवातीलाच येऊन त्याची टर उडवी. रात्र चढत जाई. पण 1850 च्या दशकाच्या मध्यापासून नाटक मंडळ्यांनी एक नवी गोष्ट सुरू केली. मुख्य खेळ संपला की एक छोटे गद्य नाटक करायचे. त्याला इंग्रजीवरून ‘फार्स’ म्हणू लागले. सुरुवातीला ऐतिहासिक प्रसंगांचे फार्सही झाले, पण लवकरच या छोट्या खेळात रोजची माणसे आली. देवाच्या तोंडी छापील भाषा असे, फार्समधल्या माणसाच्या तोंडी बाजारातली भाषा असे. लोक रात्रभर बसत ते या शेवटच्या अर्ध्या तासाकरिताही. आज आपण मराठीत ‘सगळा फार्स झाला’ म्हणतो, तो शब्द तिथून आपल्या बोलीत आला आणि राहिला.

पारशी नाटक कंपन्यांनी हेच निराळ्या रीतीने केले. त्यांच्या नाटकात गंभीर कथा चालू असताना मधेमधे एक वेगळे विनोदी कथानक चाले. त्याला ‘कॉमिक’ म्हणत. मुख्य कथेतले राजाराणी रडून गेले की कॉमिकवाले येऊन लोकांना हसवून जात.

1893 मध्ये गोविंद बल्लाळ देवल यांनी ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ हे नाटक आणले. पुढे 1916 मध्ये तेच ‘संगीत संशयकल्लोळ’ म्हणून गाजले. एक तसबीर चुकीच्या हाती जाते आणि दोन घरांत संशयाचे भूत शिरते, एवढीच मूळ गोष्ट. ती देवलांना आयरिश नाटककार आर्थर मर्फी यांच्याकडून मिळाली आणि मर्फींना फ्रेंच मोलिएरकडून. म्हणजे पॅरिसचा घोटाळा लंडनला गेला आणि तिथून महाराष्ट्रात आला. प्रत्येक ठिकाणी त्याला तिथल्या घरातले कपडे घालावे लागले, तेव्हाच लोक हसले. विनोद प्रवास करतो, पण सामान उतरवून ठेवल्याशिवाय त्याला घरात घेत नाहीत.

आपल्या समाजाने त्याच काळात मराठीतली आणखी एक कला उचलली, ती कीर्तनाची. 1880 च्या सुमारास आपल्यातल्या काही मंडळींनी हिंदू कीर्तनकारांची पद्धत पाहून तोरातल्या कथांवर मराठी कीर्तने सुरू केली. किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ पुण्यात रंगभूमीवर आले तेही 1880 सालीच. पेटी, तबला आणि झांजा घेऊन कीर्तनकार आख्यान लावी आणि श्रोत्यांना जागे ठेवण्यासाठी मधे एखादा चुटका घाली. त्याआधी 1846 मध्ये मुंबईत हिब्रूबरोबर मराठी भाषांतर असलेली पेसाहची हगादा शिळाछापावर निघाली होती. प्रार्थना, कथा आणि सण हे सर्व आपण मराठीत आणले. त्यांची पुस्तके झाली, चाली टिकल्या, संशोधकांनी ध्वनिमुद्रणेही केली. मागे राहिले ते फक्त हसणे. ते कोणी लिहून ठेवले नाही.

आपली माणसे आणि दुसऱ्यांचे हसू

हसवणारी माणसे आपल्यात कमी नव्हती. जोसेफ डेव्हिड पेणकर हे आपल्या समाजातले नाटककार पारशी रंगभूमीवर नावाजलेले होते. 14 मार्च 1931 रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात लागलेला हिंदुस्थानचा पहिला बोलपट ‘आलम आरा’ त्यांच्याच नाटकावरून झाला. पडद्यावर भारतीय माणूस पहिल्यांदा बोलला तो एका बेने इस्राएल लेखकाच्या कथेतून, हे आपल्या नातवंडांना सांगायला हवे.

डेव्हिड अब्राहाम चेऊलकर यांची ओळख करून देण्याची गरज नाही. बुटके, टक्कल पडलेले, डोळ्यांत मिश्कीलपणा असलेले डेव्हिडकाका. ‘बूट पॉलिश’ (1954) मधला जॉन चाचा हा त्यांचा सर्वांत गाजलेला अभिनय. पुढे ‘चुपके चुपके’ (1975) आणि ‘गोलमाल’ (1979) या निखळ विनोदी चित्रपटांत त्यांनी घरातल्या वडीलधाऱ्या माणसाची कामे केली. हे दोन्ही चित्रपट घोटाळ्याचेच आहेत. एकात नवरा ड्रायव्हर होऊन बायकोच्या बहिणीकडे येतो, दुसऱ्यात एकच माणूस जुळा भाऊ असल्याची बतावणी करतो. या सगळ्या गोंधळात डेव्हिड हे बहुधा गुपित ठाऊक असलेले गृहस्थ असत. प्रेक्षकांत बसून डोळा मारणारा असा नट विनोदाला फार लागतो. 1969 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

निस्सिम इझिकेल हे इंग्रजी कवी म्हणून जगाला ठाऊक आहेत. पण त्यांनी नाटकेही लिहिली. 1969 मध्ये त्यांची तीन नाटके एका पुस्तकात आली. त्यांतली दोन एकांकिका आहेत आणि एक तर उघड उघड फार्स, ‘द स्लीपवॉकर्स’. अमेरिकन पाहुण्यांपुढे लोटांगण घालणाऱ्या मुंबईच्या शिष्ट मंडळींची त्यात थट्टा आहे.

ही तिन्ही माणसे आपली, पण त्यांचा विनोद आपल्यासाठी नव्हता. पेणकरांचा प्रेक्षक सर्व मुंबईचा, डेव्हिडकाकांचा सर्व देशाचा, इझिकेलांचा इंग्रजी वाचणारा. त्यात वाईट काही नाही, उलट अभिमानाची गोष्ट आहे. पण समाजाचे स्वतःवरचे हसू मोठ्या रंगमंचावर मावत नाही. मलीद्याच्या ताटात पोहे जास्त की फळे जास्त यावरून दोन विहिणींचे वाजले, याची गंमत चित्रपटाच्या प्रेक्षकाला समजावून सांगावी लागेल, आणि समजावून सांगितलेला विनोद मेलेला असतो. त्यासाठी ओळखीचीच माणसे समोर बसलेली लागतात. शाळेचे गॅदरिंग, मंडळाचा वार्षिक समारंभ, वाडीतल्या पटांगणातला पडदा, ही त्या विनोदाची जागा.

1875 मध्ये केहिमकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत इस्राएलाइट स्कूल काढले. पुढे ते सर एली कदूरी हायस्कूल झाले. 1905 मध्ये मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिल्या आलेल्या रिबेका रूबेन 1922 ते 1950 या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. आज सत्तरी-ऐंशीत असलेल्या आपल्या कितीतरी वाचकांनी माझगावच्या त्या शाळेत धडे गिरवले आहेत. आपल्यापैकी जी मंडळी कधी काळी कुठल्याही शाळेच्या गॅदरिंगमध्ये दाढीमिशा चिकटवून उभी राहिली, त्यांना मी काय म्हणते ते कळेल. संवाद विसरला की समोरच्या रांगेतली काकूच तो सांगायची, आणि त्यावर खऱ्या संवादापेक्षा जास्त हशा पिकायचा.

कोण कोणावर हसतो

1948 नंतर आपण इस्राएलला आलो. दिमोना, बेर शेवा, लोद, रामला, अश्दोद. सुरुवातीचे दिवस कसे गेले ते वाचकांनी भोगले आहे, मी निराळे लिहायला नको. आपण यहूदी आहोत की नाही, आपल्याशी लग्न चालते की नाही, असे प्रश्न विचारले गेले. समाजाने धरणे धरले आणि 1964 मध्ये क्नेसेतने ठराव करून सांगितले की बेने इस्राएल सर्व बाबतींत इतरांसारखेच यहूदी आहेत.

त्याच 1964 साली इस्राएलमध्ये ‘सल्लाह शबाती’ हा चित्रपट लागला. त्याचे लेखक-दिग्दर्शक एफ्राइम किशोन. हा माणूस 1949 मध्ये हंगेरीहून आला. त्याला हिब्रू येत नव्हती. ती तो इथे शिकला, आणि थोड्याच वर्षांत ‘मआरिव’ या वृत्तपत्रात त्याचे विनोदी सदर सुरू झाले. सदराचे नाव ‘हद गद्या’, आपल्या हगादेच्या शेवटच्या गाण्यावरून घेतलेले. सल्लाह हा मआबरात, म्हणजे निर्वासितांच्या तात्पुरत्या छावणीत, मोठ्या कुटुंबासह येऊन पडलेला पूर्वेकडचा माणूस. तो सरकारी बाबूंना पुरून उरतो. हे पात्र आधी 1950 च्या दशकात कलापथकांच्या छोट्या प्रहसनांत आले होते आणि ते करणारा तरुण नट हाइम तोपोल पुढे चित्रपटातही तोच झाला. म्हणजे इस्राएलच्या सर्वांत गाजलेल्या विनोदी चित्रपटाचे मूळ दहा-पंधरा मिनिटांच्या नाटुकल्यात आहे.

लोक पोट धरून हसले. पण पूर्वेकडून आलेल्या पुष्कळांना हा चित्रपट बोचलाही. त्यांचे म्हणणे असे की हंगेरीहून आलेल्या माणसाने आम्हांला आळशी आणि अडाणी दाखवले. या वादात मी शिरत नाही. मात्र त्यातून एक गोष्ट कळते. ज्याच्यावर हसायचे त्यानेच ते लिहिले असते, तर त्याच प्रसंगावर तीच माणसे मोकळेपणाने हसली असती. स्वतःवर हसायला स्वतःचे नाटक लागते आणि ते स्वतःच्या बोलीत लागते.

आपल्या बोलीत आणि हिब्रूत तर विनोदाची खाणच आहे. उदाहरणादाखल मीच रचलेला हा प्रसंग पाहा. आजी मुंबईहून पहिल्यांदाच आली आहे आणि नातू इथेच जन्मलेला. आजी दार ठोठावते.

नातू (आतून) : मी?
आजी (बाहेरून) : मी!
नातू : मी झे?
आजी : झे-बिझे कोणी नाही रे, मीच!
नातू : आनी रोन.
आजी : आणि रोन? बरं, आणि कोण कोण आहे आत?
नातू (दार उघडून, आनंदाने) : सावता!
आजी : सवत? अरे मेल्या, कोणाची सवत?

आमच्या वाचकांना हे समजावून सांगावे लागणार नाही. हिब्रूत ‘मी’ म्हणजे कोण, ‘आनी’ म्हणजे मी, ‘सावता’ म्हणजे आजी. कचेरीत गेलो की बाबू म्हणायचा ‘सवलानूत’, म्हणजे धीर धरा. आणि आपल्यातल्या एखाद्या आजोबांना वाटावे, सवलत मिळणार! तेल अवीवचा माणूस या विनोदावर हसणार नाही, त्याला मराठी येत नाही. दादरचा माणूस हसणार नाही, त्याला हिब्रू येत नाही. हा विनोद साऱ्या जगात फक्त आपल्याला कळतो. तो कळणारी माणसे ऐंशीच्या घरात आहेत.

खलिफा सिटीतली तीन नाटुकली

31 ऑगस्ट 2020 रोजी तेल अवीवहून अबुधाबीला पहिले इस्राएली प्रवासी विमान थेट गेले. त्याचा क्रमांक 971 ठेवला होता, अमिरातीचा दूरध्वनी संकेतांक तोच आहे. पुढच्याच महिन्यात करारावर सह्या झाल्या. ज्या विमानतळावर ते उतरले त्याला लागून खलिफा सिटी हे उपनगर आहे. अबुधाबी बेटाच्या बाहेर, मुख्य भूमीवर, सरळ आखलेल्या रस्त्यांचे आणि आवारभिंतींच्या बैठ्या घरांचे. मुलाच्या नोकरीमुळे मी काही महिने तिथे राहिले. अमिरातीत मराठी माणसे पुष्कळ. 2010 मध्ये विश्व मराठी साहित्य संमेलन दुबईला भरले होते, मंगेश पाडगावकर अध्यक्ष होते.

एका शनिवारी, शब्बाथ सुटल्यावर, शेजारच्या मराठी कुटुंबाबरोबर मी एका घरगुती मेळाव्याला गेले. तिथल्या तीन हौशी गटांनी वीस-वीस मिनिटांची तीन विनोदी नाटके केली. करणारी मंडळी दिवसा कचेरीत, इस्पितळात किंवा कारखान्यात काम करणारी. त्यांतल्या काहींनी पुण्याला शिकताना एकांकिका स्पर्धा गाजवल्या होत्या. 1963 पासून चालत आलेल्या पुरुषोत्तम करंडकाने महाराष्ट्राला नट दिले तसे परदेशी कचेऱ्यांनाही दिले आहेत, हे तिथे समजले. पडदा म्हणजे दोन चादरी. रंगभूषा घरच्या डब्यातली.

एक नाटुकले व्हिडिओवरून सून पाहण्याचे होते, दुसरे नाटकाच्या तालमीचे. पण लक्षात राहिले ते तिसरे. सांगलीकडचा एक तरुण नोकरीच्या पहिल्या दिवशी कचेरीत येतो. समोर अरबी झगा घातलेले एक गृहस्थ. ते छातीवर हात ठेवून म्हणतात, ‘अना मुदीर’. अरबीत ‘अना’ म्हणजे मी आणि ‘मुदीर’ म्हणजे व्यवस्थापक. आमच्या पठ्ठ्याला ऐकू येते, ‘आणा मुदीर’. मग तो मुदीर आणायला धावतो. चहावाल्याला विचारतो, मुदीर कुठे मिळेल? कोणी फाइल देतो, कोणी खुर्ची, कोणी पाण्याचा जड बुधला. तो एकेक वस्तू साहेबांपुढे आणून ठेवतो आणि साहेब दर वेळी अधिक जोराने म्हणतात, ‘अना मुदीर!’ शेवटी खोली सामानाने भरते आणि मुदीर त्यामागे दिसेनासा होतो.

मला हसू आले आणि त्याच वेळी वाटले, हे तर आपलेच आहे. अरबी ‘अना’ आणि हिब्रू ‘आनी’ या सख्ख्या बहिणी. सांगलीचा मुलगा ‘अना’वर अडखळला, आपली आजी ‘आनी’वर.

प्रेक्षकांकडे मी मुद्दाम बघत होते. मोठी माणसे शब्दाला हसत होती. तिथेच वाढलेली, शाळेत इंग्रजी बोलणारी मुले आधी शब्दाला हसत नव्हती, त्या तरुणाच्या धावपळीला हसत होती. पण तिसऱ्यांदा ‘अना मुदीर’ झाल्यावर पुढच्या रांगेतली एक मुलगी ओरडली, ‘आणा आणा!’ तिला तो शब्द कळला होता. खेळ संपल्यावर ती पोरे एकमेकांना ‘आणा मुदीर’ म्हणत अंगणात पळत होती. मराठीच्या तासाला ‘आणणे’ या धातूची रूपे पाठ करून घेतली असती, तर एवढ्या लवकर तो शब्द त्यांच्या जिभेवर बसला नसता.

कीर्तनाला बसायला धीर लागतो, पुस्तक वाचायला लिपी लागते. फार्सला मात्र डोळे असले की प्रवेश मिळतो. मूल आधी पडणे, धावणे, धडकणे याला हसते आणि हसताहसता शब्द कानात शिरतो. दीडशे वर्षांपूर्वी पौराणिक नाटकाच्या शेवटी फार्स घालणाऱ्या कंपन्यांना हे चांगले ठाऊक होते. छापील भाषा न कळणारा प्रेक्षकही शेवटच्या अर्ध्या तासाला जागा असे.

वाचकांना विनंती

इस्राएलमध्ये आपल्या मंडळांनी मराठी कार्यक्रम केले आहेत, महाराष्ट्र दिन साजरे केले आहेत, नाटकेही केली आहेत. तो सारा इतिहास आज फक्त करणाऱ्यांच्या आठवणीत आहे. कीर्तनाच्या पोथ्या सापडतात, हगादेच्या जुन्या प्रती ग्रंथालयांत आहेत, पण लोदच्या किंवा दिमोनाच्या सभागृहात कोणी कोणते नाटुकले केले, सासू कोण झाली होती, मिशी कोणाची निसटली, याचा कागद कुठे नाही.

म्हणून ज्यांनी असे एखादे नाटुकले केले किंवा पाहिले असेल, मुंबईत, ठाण्यात, पनवेलला, अलिबागला किंवा इथे, त्यांनी ते आपल्या मासिकाकडे लिहून पाठवावे. पूर्ण आठवत नसेल तर पाच संवाद चालतील. वर्ष नक्की नसेल तर मोठ्या मुलाचा जन्म आधी की नंतर एवढे सांगा. हात थरथरत असेल तर नातवाला सांगून फोनवर ध्वनिमुद्रण करा. हिब्रू शब्द जसा बोलला जात होता तसाच देवनागरीत लिहा, शुद्ध करू नका. चूक शुद्ध केली तर विनोद जाईल.

दुसरी सूचना पुरीमची. मगिला वाचून झाली, खाऊ वाटला की हजानांच्या परवानगीने पंधरा मिनिटे मागून घ्यावीत आणि एक छोटा मराठी-हिब्रू फार्स करावा. आजी-आजोबांची कामे आजी-आजोबांनीच करावीत, म्हणजे रंगभूषेचा खर्च वाचेल. नातवंडांना नोकराची आणि शिपायाची कामे द्यावीत, कारण त्यांत धावपळ जास्त असते. संवाद थोडे आणि पुन्हा पुन्हा येणारे असावेत. वर दिलेला दारावरचा प्रसंग कोणाला करायचा असेल तर खुशाल घ्यावा, त्यात भर घालावी. पुढचा भाग कोणी लिहून पाठवला तर मला आनंदच होईल. आजी अजून दारातच उभी आहे, तिला आत घ्यायचे बाकी आहे.